पूर्वसंमती ते मोका तपासणी: व्यावसायिक फलोत्पादनासाठी अनुदान आणि प्रशिक्षण

फलोत्पादनातले बहुतेक अनुदान म्हणजे परतावा असतो. आधी काम करायचे, बिले भागवायची, अधिकाऱ्याने येऊन मोजायचे आणि मग पैसे खात्यात यायचे. हे एकदा नीट ध्यानात घेतले की पुढचे सगळे निर्णय बदलतात. कोणत्या क्रमाने जायचे, किती पैसा हाताशी ठेवायचा, बँकेत कधी जायचे, ठेकेदाराला काय सांगायचे, हे सगळे त्यावरून ठरते. अडकलेली प्रकरणे पाहिली तर पात्रता नव्हती म्हणून अडकलेली थोडी आणि क्रम चुकला म्हणून अडकलेली फार असतात.

महाराष्ट्रापुरता तो क्रम असा: प्रशिक्षण, माती-पाण्याची तपासणी, पिकाची निवड, कागदपत्रे, अर्ज, पूर्वसंमती, काम, मोका तपासणी, अनुदान. यातली पूर्वसंमती, म्हणजे काम सुरू करायला कृषी विभागाची लेखी परवानगी, ही खरी लक्ष्मणरेषा. मोका तपासणी म्हणजे काम झाल्यावर अधिकाऱ्याने शेतात येऊन केलेली मोजणी. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचे बिल, मग ते रोपांचे असो की पाइपचे, अनुदानाला चालत नाही. "अर्ज केला आहे, मंजूर होणारच आहे, तोवर खड्डे घेऊन ठेवू, पाइप आणून टाकू" असे म्हणून सुरू केलेले काम उत्तम झाले तरी कागदावर ते अपात्रच ठरते.

कोणत्या दाराने जायचे

योजनांची नावे पुष्कळ आहेत. त्यांत गोंधळण्यापेक्षा आपल्याला काय उभे करायचे आहे आणि किती मोठे, एवढे आधी ठरवा. दार त्यावरून ठरते.

नवी फळबाग लावायची असेल तर पहिले दार भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. राज्य सरकारची ही योजना २०१८-१९ पासून आहे. कोकणात किमान ०.१० हेक्टर ते कमाल १० हेक्टर, उर्वरित महाराष्ट्रात ०.२० ते ६ हेक्टर क्षेत्रावर लाभ मिळतो. लाभ वैयक्तिक शेतकऱ्याला आहे, संस्थेला नाही. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी येते. ठिबक बंधनकारक आहे.

हरितगृह, शेडनेट, पॅकहाऊस, कांदाचाळ, जुन्या बागांचे पुनरुज्जीवन यांसाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान. २००५-०६ मधले राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २०१४-१५ मध्ये या छत्राखाली आले. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के. हरितगृह व शेडनेटला मापदंडाच्या, म्हणजे योजनेत ठरवून दिलेल्या खर्चाच्या, ५० टक्के अनुदान आहे आणि २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका लाभार्थ्याला २५०० चौरस मीटरपर्यंत मर्यादा आहे. जुन्या माहितीपत्रकांत ४००० चौरस मीटर लिहिलेले असते. ते धरून आराखडा करू नका.

त्याहून मोठा प्रकल्प असेल, म्हणजे २५०० चौरस मीटरवरचे हरितगृह किंवा २ हेक्टरवरची व्यावसायिक बाग, तर दार राष्ट्रीय बागवानी मंडळाचे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. येथे बँकेचे मुदत कर्ज असल्याशिवाय अनुदान नाही. सर्वसाधारण भागात उघड्या शेतातल्या बागेला ४० टक्के, हरितगृहाला ५० टक्के आणि काढणीपश्चात सुविधांना ३५ टक्के, असा हिशेब आहे.

ठिबकासाठी 'प्रति थेंब अधिक पीक'. अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक. म्हणजे एकूण ८० आणि ७५ टक्के, मर्यादा ५ हेक्टर. त्याच क्षेत्रावर सात वर्षांच्या आत पुन्हा लाभ मिळत नाही. वडिलांच्या नावावर चार वर्षांपूर्वी ऊस किंवा कापसासाठी ठिबक घेतले असेल तर जमिनीचा तोच गट पुढे करू नका. अर्ज तिथेच थांबेल.

माल प्रक्रियेपर्यंत न्यायचा असेल तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये मिळतात. स्वतःचा वाटा किमान १० टक्के हवा. शीतगृह, प्रतवारी केंद्र, पिकवण कक्ष यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याज सवलत आहे. ही सवलत इतर योजनेतल्या भांडवली अनुदानासोबत घेता येते आणि ही गोष्ट फार लोक विसरतात. या दोन्ही योजनांना मुदत असते. बँकेत गेल्यावर चालू वर्षात मंजुरी सुरू आहे ना, हे आधी विचारा.

प्रशिक्षण आधी, आणि योग्य हंगामात

प्रशिक्षणाकडे प्रमाणपत्रासाठी भरायचा एक रकाना म्हणून पाहिले जाते. हरितगृहाच्या प्रकरणात प्रमाणपत्र लागते हे खरेच, बँकेलाही ते फाइलमध्ये हवे असते. पण प्रशिक्षण अर्जाआधी घ्यायचे खरे कारण वेगळे आहे. पीक बदलायचे असेल तर ते कोटेशन घेण्याआधी बदलले पाहिजे. जरबेरासाठी आराखडा केला, मंजुरी आली, आणि मग कळले की पाण्यात क्षार फार आहेत, की मग परतीची वाट महाग पडते.

हरितगृह आणि काढणीपश्चात हाताळणीसाठी तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था हे राज्यातले सर्वांत परिचयाचे ठिकाण. पणन मंडळाच्या या संस्थेत निवासी वर्ग भरतात आणि हरितगृहात प्रत्यक्ष काम दाखवतात. फुलांचा विचार असेल तर पुण्याचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय, द्राक्षासाठी मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, डाळिंबासाठी सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, संत्रा-मोसंबीसाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, कांदा साठवणुकीसाठी राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय. आंबा-काजूसाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र. इस्राएलच्या सहकार्याने उभी राहिलेली गुणवत्ता केंद्रेही आहेत: दापोलीला हापूस, राहुरीला डाळिंब, नागपूरला संत्रा, छत्रपती संभाजीनगरला केसर आंबा. जवळचे कृषी विज्ञान केंद्र तर प्रत्येक जिल्ह्यात आहेच.

कधी जायचे हे कुठे जायचे याइतकेच महत्त्वाचे. द्राक्षाचे शिकायचे तर ऑक्टोबर छाटणीच्या वेळी जा. छाटणी, डोळे फुटण्यासाठी काडीला पेस्ट लावणे, फेलफुटी (जादा कोंब) काढणे हे फळ्यावर कळत नाही. हापूसमध्ये मोहोरासाठी पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढनियंत्रक १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान देतात. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून मात्रा कशी काढायची आणि खोडाभोवती किती अंतरावर भोके घ्यायची, हे त्या दिवसांत पाहिले तर हात बसतो. डाळिंबात बहार धरण्याआधीचा ताण (पाणी तोडणे), पानगळ आणि पहिले पाणी हे तीन टप्पे पाहण्यासारखे असतात. कांदाचाळीचे गणित भर उन्हाळ्यात भरताना पाहू नका. ऑगस्टमध्ये जा, आतला कांदा किती टिकला आणि कुठल्या कप्प्यात सडला ते बघा, तळाची हवा खेळते की नाही ते तिथेच कळते.

चार-पाच दिवसांच्या वर्गाने व्यवसाय येत नाही. वर्गानंतर चालू हरितगृहात किंवा बागेत किमान एक पूर्ण पीकचक्र, जमल्यास मजुरीने, काम करा. खतपाण्याचा रोजचा तक्ता, फवारणीची वही, तोडणीनंतरचे ग्रेडिंग, बाजारात गेलेल्या पेटीची पट्टी, हे सगळे तिथे पाहायला मिळते. बँकेसाठीच्या प्रकल्प अहवालातले आकडे या वहीतून आले तर ते टिकतात. दुकानदाराच्या माहितीपत्रकातून आले तर दुसऱ्याच वर्षी कोसळतात.

कृषी किंवा संलग्न विषयातील पदवीधरांसाठी वेगळा मार्ग आहे. हैदराबादच्या मॅनेज, म्हणजे राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेमार्फत चालणाऱ्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण मोफत मिळते. त्यानंतर वैयक्तिक प्रकल्पासाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या खर्चावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४४ टक्के अनुदान आहे. रोपवाटिका काढायची असेल तर हा मार्ग जरूर तपासा, कारण रोपवाटिकेत ज्ञान हेच भांडवल असते.

कागद: जिथे निम्मी प्रकरणे अडकतात

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे. तो काढला आहे एवढ्यावर थांबू नका. त्यात तुमचे सगळे गट जोडले गेले आहेत का ते पाहा. ज्या गटात हरितगृह बांधायचे तोच गट राहून गेला असेल तर अर्जात तो दिसणारच नाही. वारसाने आलेली, अलीकडे खरेदी केलेली आणि वाटणीत मिळालेली जमीन हमखास सुटते. तलाठी कार्यालयात जाऊन ती जोडून घ्या.

सातबारावर पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा. नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का? 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' एवढा फरकही प्रणालीला पुरतो. खाते सामाईक असेल तर सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. भाऊबंदकीत हे अवघड असते, म्हणून ते अर्जाच्या आधी मिळवा, निवड झाल्यावर नव्हे. सातबारावर कुळाचे नाव असेल तर कुळाची संमती लागते. इतर हक्कांत जुन्या सोसायटीचा बोजा दिसत असेल आणि कर्ज फिटलेले असेल तर बोजा कमी करून घ्या, नाहीतर बँक नव्या कर्जाला हात लावणार नाही. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, क्षेत्र लागवडीत धरले जात नाही. दोन एकरांचा गट आणि पंधरा गुंठे पोटखराबा असेल तर तुमचे पात्र क्षेत्र ६५ गुंठे.

विहीर किंवा बोअरची नोंद सातबारावर आहे का? ठिबक बंधनकारक असलेल्या योजनेत पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो. नोंद नसेल तर ती करून घ्यायला वेळ लागतो, तो आधीच धरा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद, चालू हंगामाची असू द्या.

अनुदान ज्या खात्यात येते ते आधार-संलग्न असावे लागते. बँकेत केवळ आधार दिलेला असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खाते जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. 'पैसे आलेच नाहीत' अशा तक्रारींत कित्येकदा ते जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर. शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी संगणकीय सोडत निघायची, आता प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य असे धोरण आहे. त्यामुळे कागद तयार ठेवून लवकर अर्ज करण्याला खरी किंमत आली आहे. सोडतीच्या काळात लोक सगळ्या बाबींवर टिक करून ठेवत, बघू काय लागते ते. आता तसे करू नका. निवड झाली आणि दिलेल्या मुदतीत कागद चढवले नाहीत तर अर्ज बाद होतो. निवडीचा संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर सेवा केंद्रवाल्याचा नसून तुमचाच आहे ना, हे पावतीवर पाहा.

फळबाग: झाडे मोजली जातात

फुंडकर योजनेत प्रत्येक पिकाला ठरलेले अंतर आहे. डाळिंब साडेचार बाय तीन मीटर, म्हणजे हेक्टरी ७४० झाडे. सीताफळ पाच बाय पाच, ४०० झाडे. कागदी लिंबू सहा बाय सहा, २७७. आंबा दहा बाय दहाला १०० आणि घन लागवडीत पाच बाय पाचला ४००. पेरू सहा बाय सहा किंवा तीन बाय दोन, पैकी दुसऱ्यात हेक्टरी १६६६ रोपे बसतात. पूर्वसंमतीत जे अंतर लिहिले आहे तेच शेतात लागले पाहिजे. शेजाऱ्याने सांगितले म्हणून ऐनवेळी बारा बाय आठ फुटांवर डाळिंब लावले तर झाडांची संख्या आणि क्षेत्र यांचा मेळ बसत नाही आणि मोजणीत प्रकरण अडते. वेगळे अंतर हवेच असेल तर अर्जाच्या वेळी सहायक कृषी अधिकाऱ्याशी बोलून घ्या.

लागवडीची मुदत मे ते नोव्हेंबर. खड्डे मात्र एप्रिल-मेच्या उन्हात तापू द्यायचे असतात, म्हणून पूर्वसंमती मार्चअखेर हातात असेल असा अर्ज करा. जून उजाडल्यावर संमती आली तर पावसात घाईने घेतलेल्या ओल्या खड्ड्यांत रोपे बसतात आणि बुरशीने मर सुरू होते. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत तर हमखास. अशा वेळी ऑगस्टची उघडीप पाहून लावलेले बरे, मुदत नोव्हेंबरपर्यंत आहेच.

रोपे शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून घ्या. बिलावर जात, संख्या, दर आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक हवा. रस्त्यावर गाडीत विकायला येणारी कलमे स्वस्त असतात, पण त्यांना ना बिल ना जातीची खात्री. केसर म्हणून लावलेले झाड पाचव्या वर्षी रायवळ निघते. डाळिंबात तर तेल्या रोग रोपांबरोबरच शेतात येतो, म्हणून मातृवृक्ष पाहिल्याशिवाय गुटी कलमे घेऊ नका.

दुसरा आणि तिसरा हप्ता जिवंत झाडांवर अवलंबून असतो. पहिल्या वर्षी किमान ८० टक्के, दुसऱ्या वर्षी ९० टक्के. हेक्टरभर डाळिंबात म्हणजे ७४० पैकी ५९२ आणि मग ६६६. दुसऱ्या वर्षाची अट पहिल्यापेक्षा कडक आहे, आणि उन्हाळा नेमका दोन्हींच्या मध्ये येतो. यावर उपाय साधा आहे: लागवडीच्या वेळीच दहा टक्के जादा रोपे घेऊन ती पिशवीत वाढवत ठेवा आणि मोजणीची वाट न पाहता पावसाळ्याच्या सुरुवातीला नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरा. त्याच वयाचे रोप भरले की बाग एकसारखी राहते. नंतर बाजारातून आणलेले लहान रोप मोठ्या झाडांच्या सावलीत कायम मागे पडते.

हरितगृह: एका उदाहरणाचा हिशेब

आपल्याकडे हरितगृहाची ठरावीक मापे आहेत आणि ती वाटेल तशी ठरलेली नाहीत. खांबांमधला आठ बाय चार मीटरचा एक चौक धरून सांगाडा आखतात आणि चारही बाजूंनी दोन मीटरचा बाहेरचा पट्टा येतो. आतले ३२ बाय २४ अधिक दोन्ही दिशांना चार-चार मीटर, म्हणजे ३६ बाय २८, १००८ चौरस मीटर. हेच आपले 'दहा गुंठ्याचे' हरितगृह. त्याच हिशेबाने २८ बाय २० चे ५६० आणि ५२ बाय ४० चे २०८० होते. जागा ३५ मीटरच रुंद असेल तर माप आपोआप खालच्या टप्प्यावर येते. म्हणून कोटेशनच्या आधी टेप घेऊन बांधापासून बांधापर्यंत मोजा. भोवती वारा आणि पाणी जायला किमान तीन-चार मीटर मोकळी जागा सोडून मग माप ठरवा.

आता पैशाचा हिशेब. समजण्यासाठी मापदंड चौरस मीटरला १००० रुपये धरू आणि ठेकेदाराचा दर ११५० रुपये. १००८ चौरस मीटरला खरा खर्च ११ लाख ५९ हजार २०० रुपये. अनुदान मात्र मापदंडावर, म्हणजे १० लाख ८ हजारांच्या निम्मे: ५ लाख ४ हजार. उरलेले ६ लाख ५५ हजार २०० रुपये तुमचे. 'पन्नास टक्के अनुदान' ऐकून निम्मा खर्च सुटला असे वाटते, प्रत्यक्षात येथे साडेत्रेचाळीस टक्केच सुटला. आणि अनुदान येईपर्यंत पूर्ण साडेअकरा लाख तुम्हाला फिरवायचे आहेत. त्यावर सुमारे सहा हजार जरबेराची रोपे, तांबडी माती, शेणखत, वाफे, खत सोडण्याची यंत्रणा आणि पहिल्या तीन महिन्यांची मजुरी. ही रक्कम हाताशी नसताना सांगाडा उभा केला तर आत लावायला रोपे नाहीत अशी वेळ येते. रिकामा सांगाडा पाहून तपासणीही पुढे सरकत नाही.

'एक रुपया घालू नका, सगळे अनुदानातून करून देतो' असे सांगणारा भेटला तर दोन हात लांब राहा. तो बिल फुगवतो आणि फरक पाइपच्या जाडीतून काढतो. फुगवलेल्या बिलावर सही तुमची असते, वसुलीही तुमच्याकडूनच होते.

बांधकाम सुरू असताना शेतात उभे राहा. योजनेच्या तांत्रिक निकषांत प्रत्येक पाइपचा व्यास आणि जाडी दिलेली असते. त्याची प्रत पूर्वसंमतीबरोबर मागून घ्या. मुख्य खांबाची जाडी दोन मिलिमीटर असते. ती व्हर्निअरने स्वतः मोजा, टोकाला नाही तर कापलेल्या मधल्या तुकड्यावर. पायाचे खड्डे काँक्रीट पडण्याआधी टेप लावून फोटोत घ्या, कारण नंतर ते कुणालाच दिसणार नाहीत. फिल्म २०० मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी हवी, तिच्या गुंडाळीवरचे लेबल जपून ठेवा. पन्हाळी उत्तर-दक्षिण आणि छताची उघडी खिडकी पूर्वेला ठेवतात, कारण आपल्याकडचा जोराचा वारा पश्चिमेकडून येतो. खिडकी वाऱ्याच्या तोंडाला आली की पहिल्याच वादळात फिल्म फाटते. सांगाड्याचा विमा पहिल्या दिवसापासून काढा आणि तीन-चार वर्षांनी फिल्म बदलावी लागेल, त्यासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका.

माती आणि पाणी यांत चूक झाली तर अनुदान मिळूनही धंदा बसतो. जरबेरा आणि गुलाबाला सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या आसपास, निचरा होणारी माती लागते. काळ्या चिकणमातीत मुळे कुजतात, म्हणून तांबडी माती आणावी लागते. तिच्या ब्रासचा आणि वाहतुकीचा खर्च प्रकल्प अहवालात लिहा, कारण बहुतेक अहवालांत तो नसतोच. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, एक डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या खाली हवी. बोअरचे पाणी मार्च-एप्रिलमध्ये तपासा. ऑक्टोबरमध्ये गोड असलेले पाणी उन्हाळ्यात खारट होते आणि बायकार्बोनेटने ठिबकची भोके बुजतात. एप्रिलचा अहवाल वाईट आला तर पावसाच्या पाण्याचे शेततळे आधी, हरितगृह नंतर.

बँक आणि कर्ज-संलग्न अनुदान

राष्ट्रीय बागवानी मंडळाचे अनुदान तुमच्या हातात पडत नाही. ते बँकेत राखीव खात्यात जमा होते आणि कर्जाच्या शेवटच्या भागाशी वळते होते. त्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, अनुदानाचा फायदा तिथे सुरू होतो. समजा प्रकल्प ६० लाखांचा, तुमचा वाटा १५ लाख, कर्ज ४५ लाख आणि ४० टक्क्यांनी अनुदान २४ लाख. अनुदान जमा होईपर्यंत व्याज पूर्ण ४५ लाखांवर, जमा झाल्यावर २१ लाखांवर. साडेदहा टक्के दराने २४ लाखांचे महिन्याचे व्याज २१ हजार रुपये. कागद अपुरे म्हणून दावा दहा महिने लांबला तर २ लाख १० हजार केवळ त्या उशिराचे गेले. म्हणून प्रकल्प पूर्ण झाल्याचा दाखला, सनदी लेखापालाचे खर्चाचे प्रमाणपत्र, बिले आणि बँक उतारे काम चालू असतानाच जुळवत राहा.

कर्ज पात्र अनुदानापेक्षा जास्त असावे लागते. अनुदान जमा होताच कर्ज फेडून मोकळे व्हायचे, असा बेत असेल तर ही योजना घेऊ नका, कारण ठरलेल्या मुदतीआधी कर्ज बंद केले तर अनुदान परत जाते. मंडळाची मंजुरी आणि कर्जाचा पहिला हप्ता यांचा क्रम चालू मार्गदर्शक सूचनेत वाचून मगच बँकेला उचल करायला सांगा. घाईने उचललेला पहिला हप्ता हे या योजनेतले सर्वांत महाग पाऊल ठरू शकते.

परतफेडीचे हप्ते पिकाच्या चालीने मागा. डाळिंबाला पहिला बहार धरायला दीड-दोन वर्षे जातात, कलमी आंब्याला चार-पाच. बँकेच्या साच्यात सहा महिन्यांनी हप्ता सुरू होत असेल तर सवलतीचा काळ वाढवून घ्या, आणि तो मंजुरीपत्रात लेखी असू द्या.

मोका तपासणीच्या दिवशी

काम झाले की बिले चढवा आणि तपासणीची मागणी करा. साहित्याची बिले जीएसटीची आणि सगळीच बिले तुमच्या नावाची, पूर्वसंमतीनंतरच्या तारखेची हवीत. पैसे खात्यातून गेलेले असावेत, रोखीची पावती नेहमी वादात सापडते. अधिकारी आले की लाभार्थी स्वतः शेतात हजर राहतो, कारण त्याच्यासह अक्षांश-रेखांशाचा फोटो घेतात. गटाची हद्द आधी खुणा करून ठेवा. हरितगृह चुकून शेजारच्या गटात दोन मीटर गेले असेल तर ते येथेच उघड होते, म्हणून आखणीच्या दिवशीच मोजणीदाराकडून हद्द दाखवून घ्यावी.

मोजमाप आणि बिल यांत जे कमी असेल, त्यावर अनुदान निघते. मोजमाप पुस्तिकेवर सही करण्याआधी आकडे वाचा, चौरस मीटर स्वतः गुणून पाहा. पटत नसेल तर तिथेच फेरमोजणी मागा. त्रुटी निघाली तर ती लेखी घ्या, तोंडी 'तेवढे बघून घ्या' यावर विसंबू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे दाद लागली नाही तर उपविभागीय आणि मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, अशी पायरी आहे. प्रत्येक अर्जाची पोच तारखेसह घ्या आणि फाइलला लावा.

अनुदान जमा झाल्यावरही फाइल टाकून देऊ नका. लेखापरीक्षणाची तपासणी काही वर्षांनी येऊ शकते, तेव्हा बिलांच्या मूळ प्रती, पूर्वसंमती आणि फोटो मागतात. त्या काळात सांगाडा विकणे, हलवणे किंवा त्याचा गोठा करणे चालत नाही. जमीन विकायची किंवा वाटणी करायची वेळ आली तर आधी कृषी कार्यालयाला लेखी कळवा.